चार आण्यांची कोंबडी

जुनी मोटार दुरुस्तीला काढली आहे, असे चारचौघांत नुसते बोलून पाहावे. लगेच ऐकणाऱ्यांचे दोन तट पडतात. पहिला तट हसतो. "चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला! भंगारवाल्याला द्या हो, पत्र्याचे तरी पैसे येतील." दुसरा तट हसत नाही, गंभीर होतो. त्याने मुंबई-पुण्याच्या मोटार-मेळाव्यांत चकचकीत गाड्या पाहिलेल्या असतात. तो म्हणतो, "करायची तर शास्त्रशुद्ध करा. सात-आठ लाख बाजूला काढा. तेवढी ऐपत नसेल तर त्या वाटेला जाऊ नका." वरवर पाहता या दोघांचे जमत नाही. पण नीट ऐकले तर दोघे एकच गोष्ट सांगतात: बेताच्या पैशांत जुनी मोटार ठेवणे हा मूर्खपणा आहे. एकाच्या मते जुने ते फेकावे, दुसऱ्याच्या मते जुने ते श्रीमंतांनी ठेवावे. मधल्या माणसाने काय करावे, याचे उत्तर दोघांकडेही नाही.

मी तो मधला माणूस आहे. निवृत्त शिक्षक, पेन्शनवर जगणारा, बेळगावात राहणारा. माझ्याकडे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. या लेखात मला या दोन्ही तटांशी भांडायचे आहे, आणि जाता जाता सरकारशीही.

आधी गाडीची ओळख. आमच्याकडे अजूनही तिला 'फियाट'च म्हणतात आणि ते चूक नाही. मूळ गाडी इटलीची, फियाट ११००. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली, कुर्ल्याला कारखाना घातला आणि पुढे तिथेच ही गाडी बनू लागली. जुन्या लोकांना उलट्या दारांची 'डुक्कर फियाट' आठवत असेल. १९६४ साली 'डिलाईट' आली. पुढे तिची 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. त्याच नावाने ती गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, ६८ मिलिमीटरचा बोअर, ७५ चा स्ट्रोक, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. आज कुणाला हे सामान खेळण्यातले वाटेल. पण त्या काळी ही गाडी मिळावी म्हणून माणसे पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहत. माझ्या थोरल्या काकांनीही अशीच वाट पाहून ती घेतली. २०१६ साली काका गेले. गाडी दोन वर्षे पत्र्याच्या शेडखाली उभी राहिली आणि २०१८ साली माझ्याकडे आली.

तिच्यावर मी तीन वर्षांत दीड लाख रुपये खर्च केले. एकरकमी नव्हे, जसे जमले तसे, महिन्याला चार-पाच हजार. हा आकडा मुद्दाम सांगतो, कारण आकडा न सांगता या विषयावर बोलणारे फार आहेत. आता तटांकडे वळतो.

पहिल्या तटाची म्हण ऐकायला खमंग आहे, पण तिचा हिशेब चुकीचा आहे. कोंबडी चार आण्यांची कुणी ठरवली? बाजाराने. बाजार गाडीची किंमत ठरवतो ती विकण्यासाठी. मला ती विकायचीच नाही. घरातल्या तांब्याच्या घंगाळाला कल्हई करताना 'मोडीत याचे किती येतील' हे आपण विचारत नाही. त्यात पाणी तापवायचे आहे की नाही, एवढेच विचारतो. दीड लाखात आज कोणती नवी चारचाकी मिळते, ते या मंडळींनी सांगावे. आणि जी जुनी-पुराणी सेकंडहँड मिळेल तिच्यात बिघाड झाला तर कोपऱ्यावरच्या गॅरेजात ती उघडता तरी येईल का? तिच्यातल्या संगणकाशी बोलायला कंपनीचा माणूस लागतो. माझ्या फियाटशी बोलायला एक पान्हा, एक पेचकस आणि कान पुरतो.

शिवाय ही मंडळी एक गोष्ट विसरतात. ज्या गावात उभे राहून ते 'भंगारात द्या' म्हणतात, त्या गावाची अब्रूच मुळी दुरुस्तीतून उभी राहिली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींच्या दुकानापासून धंद्याला सुरुवात केली ती याच बेळगावात. १९१० साली ते कुंडलच्या माळावर गेले आणि किर्लोस्करवाडी झाली, हा इतिहास शाळेतली पोरे पाठ करतात. पण आधी काय होते? सायकल उघडून पाहणारा, ती कशी चालते हे समजून घेणारा एक माणूस होता. आज उद्यमबागेत जी फौंड्री आणि लेथची दुकाने आहेत ती त्याच विद्येची नातवंडे आहेत. तिकडे कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात जा, तीच कथा. मोडलेला भाग हातात घेऊन 'हा पुन्हा करता येईल' असे म्हणणारी माणसे या पट्ट्यात पिकली. तिथे उभे राहून 'फेका' म्हणायचे म्हणजे नांगराच्या गावात बैल विकायला सांगण्यासारखे झाले.

आता दुसरा तट. त्याच्याशी माझे भांडण जास्त मोठे आहे, कारण तो माझा भाऊबंद आहे. त्यालाही जुन्या मोटारी आवडतात.

राजेरजवाड्यांच्या गाड्या जपल्या जाव्यात याबद्दल माझी तक्रार नाही. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते तेव्हा मीही टाचा उंचावून पाहिले आहे. जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याला लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचा मोठा सोहळा झाला. अशा गोष्टी व्हाव्यात. पण तिथली फूटपट्टी घेऊन कुणी माझ्या शेडमध्ये येऊ नये. राजवाड्यातल्या गाडीचे काम दिसण्याचे आहे. माझ्या गाडीचे काम आठवड्यातून दोनदा बाजारात जाण्याचे, महिन्यातून एकदा निपाणीला बहिणीकडे जाण्याचे आणि पावसात बंद न पडण्याचे आहे. दोन्हींना एकच नियम लावला की काय होते, ते मी आमच्या गावात पाहिले आहे. एका गृहस्थांनी आपल्या फियाटला आधी लाल-पांढरा दुरंगी रंग दिला, बंपर क्रोमचे केले, सीटला लेदर चढवले. पैसे तिथेच संपले. आजही ती गाडी दारात उभी असते, आरशासारखी. ब्रेकवर पाय दिला की तो तळाला जातो. नवरीला शालू नेसवला आणि घरात पीठ नाही, अशातला प्रकार.

बेताच्या पैशांत जुनी गाडी उभी करायची तर पैशांपेक्षा क्रम महत्त्वाचा आहे. हा क्रम मी पुस्तकात वाचला नाही, आमच्या मिस्त्रींकडून शिकलो; पण तो इतका साधा आहे की कुणालाही पटावा. पहिल्यांदा थांबणे, मग वळणे, मग उभे राहणे, मग गार राहणे, मग पेटणे, मग पळणे आणि शेवटी दिसणे.

थांबणे म्हणजे ब्रेक. पद्मिनीला चारही ड्रम. गाडी उभी राहिली की व्हील सिलिंडरमधली रबरे चिकटतात, आत गंज धरतो, ब्रेक ऑईल पाणी ओढून घेते. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, लवचीक नळ्या, लायनर हे सगळे नवे आणि ड्रम लेथवर फिरवून घेतलेले, याला मला चौदा हजार लागले. टायर अठरा हजारांचे. त्यावर जो कंजुषी करील त्याने गाडी चालवूच नये. वळणे म्हणजे स्टिअरिंगचे सांधे, रबर बुश, मागचे पाटे. साडेअकरा हजार.

उभे राहणे हा मात्र या गाडीचा खरा मर्मभाग आहे आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. ॲम्बेसेडर असो की फियाट, आपण 'चेसीस' हा शब्द सहज वापरतो. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चेसीस नाही. तिचा तळ, दारांखालचे पोकळ उंबरे, चाकांवरच्या कमानी हा पत्राच तिचा सांगाडा आहे. तो सडला तर गाडी सडली. आमच्या बेळगावचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. काचेच्या रबरातून पाणी आत झिरपते, पायपुसण्याखाली साठते, दारांतली पाणी जाण्याची भोके मातीने बुजलेली असतात. बाहेरून रंग झकास आणि आत पापड. असा सडका भाग कापून, चांगला पत्रा वेल्डिंग करून बसवणे याला वेळ लागतो आणि ते दिसत नाही. म्हणून काही डेंटर काय करतात? भोकावर जाळी ठेवतात, वर लांबी भरतात, घासतात आणि रंग मारतात. गिऱ्हाईक खूष. दोन पावसाळ्यांनी फोड येतात. गाडी घ्यायला किंवा काम ताब्यात घ्यायला जाल तेव्हा खिशात एक साधे लोहचुंबक ठेवा. पत्र्याला ते चिकटते, लांबीला चिकटत नाही. चाळीस रुपयांचे चुंबक, चाळीस हजारांचे डोळे. माझ्या दीड लाखातले सर्वात जास्त पैसे, अडतीस हजार, असे गाडीखाली गेले. आलेल्या पाहुण्याला ते दाखवायचे तर त्याला जमिनीवर आडवे व्हावे लागते.

गार राहणे म्हणजे रेडिएटर, वॉटर पंप, होस पाइप. रेडिएटर रॉडिंग करून घेणे आणि ब्लॉकमधला वर्षानुवर्षांचा गाळ काढणे, मिळून नऊ हजार. हे न करता इंजिन उघडणाऱ्यांचे हेड गॅस्केट पुन्हा पुन्हा जळते आणि ते बिचारे गॅस्केटच्या कंपनीला शिव्या घालतात.

पेटणे म्हणजे वायरिंग आणि पेट्रोल. जुन्या गाडीला आग लागते ती बहुधा इथेच. कापडी वेष्टणाच्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या, मध्येच कुणीतरी हॉर्नसाठी जोड मारलेला. संपूर्ण हार्नेस नवा केला, दिव्यांना रिले बसवले, बारा हजार. पेट्रोलच्या बाबतीत एक गोष्ट तरुण मंडळींनी लक्षात ठेवावी. २००० सालापासून आपल्याकडे शिशाचे पेट्रोल बंद झाले आणि २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले. ही गाडी बनली तेव्हा या मिश्रणाचा विचारच नव्हता. इथेनॉल जुन्या रबराला फुगवते, पंपाचा पडदा खराब करते आणि हवेतले पाणी ओढते. गाडी महिना-दोन महिने उभी राहिली की टाकीच्या तळाशी गंज आणि कार्बुरेटरच्या वाटीत पांढरा साका. उपाय महाग नाही: इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या, पंपाचा नवा पडदा, काचेतून आतले दिसणारा एक फिल्टर आणि टाकी धुऊन घेणे. सोलेक्स कार्बुरेटरच्या दुरुस्तीसकट साडेसहा हजार.

आणि मग इंजिन. इंजिन सहाव्या नंबरावर आहे, हे ऐकून लोक चकित होतात. एका गॅरेजवाल्याने गाडीचा आवाज ऐकून मला सांगितले होते, "इंजिन गेलंय, बोअर करायला लागणार, क्रँक ग्राइंड, सगळं मिळून साठ-सत्तर धरा." आमचे मिस्त्री मात्र म्हणाले, "सर, आधी विचारूया की तिला, मग उघडूया." विचारायचे म्हणजे काय? चारही प्लग काढून एकेका सिलिंडरचा दाब मोजायचा. दोन सिलिंडर कमी भरले. मग त्यांत चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजले. ऑईल सोडल्यावर दाब वाढला असता तर दोष रिंगांचा. कारण ऑईल रिंगांभोवतीची फट काही वेळ बुजवते. दाब होता तेवढाच राहिला, म्हणजे दोष वॉलचा. हेड उतरवले, वॉल घासून बसवले, हेडचे फेसिंग केले, टॅपेट लावले. सोळा हजार. साठ-सत्तरचे काम सोळात झाले ते निदानामुळे. डॉक्टरने नाडी न पाहता पोट फाडले तर आपण गप्प बसू का? मग मोटारीच्या बाबतीत का बसतो?

सीटचे आठ हजार धरून ही बेरीज एक लाख तेहतीस हजार होते. उरलेले विमा, कागदपत्रे आणि किरकोळात गेले. रंगाला पैसे उरले नाहीत. गाडीचा उजवा दरवाजा डाव्यापेक्षा थोडा फिक्का आहे. दुसऱ्या तटातले एक मित्र तो दरवाजा पाहून दरवेळी जीभ चुकचुकतात. त्यांना मी सांगतो, तुमची नजर दरवाजापाशी थांबते, कारण तुम्ही कधी गाडीखाली वाकला नाहीत.

या दुसऱ्या तटात एक उपपंथ आहे, अस्सलवाद्यांचा. त्यांना प्रत्येक स्क्रू कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेलाच हवा. याच्या नेमका उलटा एक पंथ आहे, तो जुन्या पत्र्यात परक्या गाडीचे इंजिन बसवतो, छत कापतो, रुंद चाके घालतो. मला दोघेही पटत नाहीत. माझा नियम सोपा आहे: जो बदल उद्या काढून गाडी पुन्हा होती तशी करता येईल, तो बदल करावा, ज्यासाठी पत्रा कापावा लागेल, तो करू नये. दिव्यांचा रिले चालेल, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन चालेल, उद्यमबागेतल्या लेथवर काढलेला पितळी बुश तर अवश्य चालेल. तो बुश अस्सल नाही म्हणणाऱ्यांनी सांगावे, कुर्ल्याला तरी बुश आकाशातून पडत होते काय? तिथेही लेथच होता आणि लेथवर माणूसच होता.

आता विरोधकांच्या बाजूने जे खरे आहे ते कबूल केले पाहिजे. अशी जुनी गाडी दर किलोमीटरला नव्या गाडीपेक्षा पुष्कळ जास्त विषारी धूर सोडते. तिला धूर शुद्ध करणारे यंत्र नाही. कार्बुरेटर कितीही नीट लावला तरी नव्या इंजेक्शनच्या इंजिनाची बरोबरी होत नाही. अपघातात ती नव्या गाडीइतकी राखणार नाही, हेही खरे. मी पुढच्या सीटना पट्टे बसवून घेतले आहेत, पण पट्टा म्हणजे एअरबॅग नव्हे. म्हणून मी तिला महामार्गावर ताशी साठच्या वर नेत नाही आणि रोजच्या वापराला काढत नाही. माझी गाडी वर्षाला दोन-अडीच हजार किलोमीटर चालते. शहरात दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर धावणारी टॅक्सी आणि ही, दोघींना एका तराजूत घालता येईल का? मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनींना वीस वर्षांची मर्यादा घातली ती मला समजते. त्यातली शेवटची २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली होती आणि ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. त्या टॅक्स्या दिवसरात्र राबत होत्या. पण वय आणि वापर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपला कायदा फक्त वय मोजतो.

इथे सरकारशी भांडण सुरू होते. कायदा काय म्हणतो ते नीट पाहा. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. मी २०२१ साली गाडी तपासणीला नेली, ती पास झाली, नूतनीकरणाची फी होती सहाशे रुपये. १ एप्रिल २०२२ पासून ती पाच हजार झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींना ती दहा हजार केली. माझ्या गाडीचे पुढचे नूतनीकरण २०२६ चे. पाच वर्षांत सहाशेचे दहा हजार! गाडी तीच, माणूस तोच, तपासणी तीच. या वाढीत धूर किती कमी होतो? एक कणही नाही. धूर कमी करायचा असता तर धुराची तपासणी कडक केली असती. जो नापास होईल त्याला घरी बसवा, मी टाळ्या वाजवीन. पण पास होणाऱ्यालाही दंड, ही कुठली रीत?

आणि जुन्या गाड्यांचा सन्मान म्हणून जुलै २०२१ मध्ये जो 'व्हिंटेज'चा नियम आला त्याची गंमत पाहा. गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांची हवी. नोंदणीला वीस हजार, ती दहा वर्षांची. पुढे नूतनीकरणाला पाच हजार. नंबर वेगळा मिळतो. पण गाडी रोजच्या वापरात चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. म्हणजे पंधरा वर्षांनंतर गाडी म्हातारी आणि पन्नास वर्षांनंतर देवघरातली. मधली पस्तीस वर्षे ती कोण? कुणी नाही! पद्मिनी या नावाने निघालेली पहिली गाडी २०२४ साली कुठे पन्नाशीला पोचली. माझी पोचेल २०३६ मध्ये. तोवर तिने कसे जगायचे, हे नियमात नाही. श्रीमंतांच्या शेडमध्ये झाकून ठेवलेली गाडी ही पस्तीस वर्षे सहज काढते. चालवल्याशिवाय जिचा सांभाळ परवडत नाही, ती गाडी मात्र मध्येच भंगारात जाते. म्हणजे वारसा ठरवायचा तो खिशाने.

जगात दुसरीकडे काय आहे? जुन्या मोटारींच्या संस्थांचा जो आंतरराष्ट्रीय महासंघ आहे, तो तीस वर्षांच्या, मूळ रूपात जपलेल्या आणि रोजच्या वाहतुकीसाठी न वापरल्या जाणाऱ्या गाडीला ऐतिहासिक म्हणतो. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांवरील अशा गाडीला वेगळा नंबर आणि करात सवलत मिळते. तो देश काय मोटारींच्या बाबतीत अडाणी आहे? आपल्याकडेही तीस वर्षांची अट घाला, वर्षाला किलोमीटरची मर्यादा घाला, धुराची आणि ब्रेकची तपासणी दर वर्षी करा, अगदी कडक करा. आणि फी मात्र शिक्षकाला, कारकुनाला, लहान दुकानदाराला परवडेल अशी ठेवा. एवढीच मागणी आहे. ती फुकटेपणाची नाही.

कुणी म्हणेल, एका फियाटसाठी एवढा आटापिटा कशाला? माझा आटापिटा फियाटसाठी कमी आणि त्या मिस्त्रींसाठी जास्त आहे. त्यांचे वय सत्तरीच्या घरात. त्यांच्या दुकानात मराठी, कानडी आणि उर्दू अशा तिन्ही भाषा एकाच वाक्यात येतात आणि कोणता शब्द कुणाचा, याचा वाद घालायला कुणाला फुरसत नसते. सीमाभागात इतके निर्वेध बोलणे मी दुसरीकडे फारसे ऐकलेले नाही. इंजिन सुरू करून, लांब पेचकसाचे एक टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावून ते सांगतात, "तिसरा टॅपेट सैल आहे." ही विद्या कुठल्या आयटीआयच्या पुस्तकात नाही. त्यांचा मुलगा मोबाईलच्या दुकानात आहे. मी विचारले, "मिस्त्री, पोराला शिकवा की हे." ते म्हणाले, "शिकवीन हो सर, पण गाड्या कुठं आहेत? कशावर शिकवू?"

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते, आज आहे. गाड्या आहेत. बेळगाव, निपाणी, खानापूर, चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यात शेडमध्ये, गोठ्याशेजारी, चिंचेखाली अशा किती तरी फियाट आणि ॲम्बेसेडर उभ्या आहेत. मालकांनी त्या विकल्याही नाहीत आणि चालवल्याही नाहीत. एका तटाने त्यांना हसून लाजवले आणि दुसऱ्या तटाने आठ लाखांचा आकडा सांगून घाबरवले. त्यांना मी सांगतो, दोघांचेही ऐकू नका. येत्या कार्तिकात ताडपत्री काढा. खिशात लोहचुंबक घ्या आणि आधी गाडीखाली वाका. तळ शाबूत असेल तर पहिल्या महिन्याचे पैसे ब्रेकवर घाला. रंगाचे दुकान शेवटपर्यंत टाळा. आणि गावात एखादा म्हातारा मिस्त्री हयात असेल तर त्याच्याकडे जाताना घरातल्या एखाद्या पोराला बरोबर न्या. त्याने नुसते शेजारी उभे राहून पान्हे दिले तरी पुष्कळ.

आमच्या साहित्य संमेलनांत वारशावर ठराव पुष्कळ होतात. किल्ले, बोली, ओव्या, सगळ्यांची काळजी वाहिली जाते, आणि ती वाहिलीच पाहिजे. पण तेलाने काळे झालेले हातही वारसा आहेत, हे आम्हा लिहिणाऱ्यांना सुचत नाही. कारण ते हात लिहीत नाहीत, ठराव मांडत नाहीत, आणि एक दिवस दुकानाला कुलूप लावून निघून जातात. मग लाखो रुपये घेऊन फिरलात तरी तिसरा टॅपेट सैल आहे हे सांगणारा कान विकत मिळणार नाही. चार आण्यांची कोंबडी म्हणून ज्यांनी हसून घेतले, त्यांनी तेव्हा त्या कानाची किंमतही सांगावी.